दप्तरात न सापडलेले आजोबा

आमच्या घराण्यात एक गोष्ट तीन पिढ्या सांगितली जात आहे. आजोबा ऐन तारुण्यात मांद्र्याहून निघाले, किरणपाण्याला होडीत बसून आरोंद्याला उतरले, सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट पायी चढून बेळगावला आले आणि तेथून आगगाडीने हुबळी गाठून रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागले. ‘पुरुषार्थ म्हणतात तो असा!’ हे त्या गोष्टीचे ठरलेले तात्पर्य. परीक्षेत गुण कमी पडले की वडील आम्हांला ती ऐकवीत. पुढे मीही माझ्या मुलांना ती तितक्याच अभिमानाने ऐकवली. गोष्ट खोटी नव्हती. पण ती अर्धीच होती, हे कळायला मला वयाची सत्तरी उलटावी लागली.

गेल्या शिगम्याच्या सुमारास मांद्र्याहून आत्याचा निरोप आला. आत्या नव्वदीला टेकलेली; दृष्टी अधू, पण स्मरण लख्ख. तिचे लग्न गावातच झाले आणि आजीच्या मागे आजोबांच्या घरात तीच राहिली. हे घर पडते भाटकाराच्या जमिनीत. अशा रहिवाशाला गोव्यात मुंडकार म्हणतात. १९७५ सालच्या कायद्याने मुंडकाराला घराबाहेर काढण्यास बंदी आली आणि राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्कही त्याला मिळाला. हा हक्क रीतसर पदरात पाडून घेण्याचे काम आमच्याकडे ‘पुढल्या मे महिन्यात पाहू’ असे म्हणता म्हणता राहून गेले होते. आता मांद्र्याच्या किनाऱ्यावर जमिनीला सोन्याचे मोल आले आहे. तेव्हा आत्याच्या नातवाला जाग आली. हे कुटुंब या घरात पूर्वापार राहते आहे असे दाखविणारे जुने कागद त्याला हवे होते. “काका, तुम्ही निवृत्त आहात, जुने वाचायची तुम्हांला हौसही आहे, पणजीला तुम्हीच जाऊन पाहा,” असे त्याने सांगितले आणि मी गेलो.

पणजीच्या पुराभिलेखागाराचा इतिहास वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १५९५ साली पोर्तुगीज राजाच्या आज्ञेने हे दप्तर स्थापन झाले आणि दियोगो दो कोउतो हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक झाला. विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी या कागदांना आपले उभे आयुष्य दिले. १९५५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला मार्गदर्शक ग्रंथ हाती असल्यावाचून या अरण्यात वाट सापडणे कठीण. तेथे पोर्तुगीज कागद आहेत, तसेच मोडीतले आहेत, गोयकानडी लिपीतलेही आहेत. आमचा पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ साली, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणून आमच्या बाजूच्या जुन्या व्यवहारात मराठी नि मोडी यांचा वावर मोठा.

दोन दिवस मी धूळ खाल्ली. राजे सापडले, व्हाइसरॉय सापडले, तहनामे सापडले; आजोबा कोठेच सापडले नाहीत. आणि सापडावेत तरी का? दप्तर लिहिते सरकार. आणि सरकारला माणूस दिसतो तो सारा भरताना, कर्ज काढताना, दावा लावताना किंवा गुन्हा करताना. रात्री होडीत बसून खाडी ओलांडणाऱ्या गरिबाची नोंद करण्याचे सरकारला कारण नव्हते आणि ती करून देण्याची गरिबाला इच्छा नव्हती.

तिसऱ्या दिवशी मात्र थोरल्या काकांच्या जन्माची नोंद हाती आली. पोर्तुगीज अमलात विसाव्या शतकाच्या आरंभी जन्ममृत्यूंची नागरी नोंद सुरू झाली होती, तिचे हे फळ. साल १९२६, महिना ऑक्टोबर. घर मांद्र्याचे, वाडा आमचाच, आईचे नाव आजीचे. खबर देणारा म्हणून मात्र आजीच्या भावाचे नाव होते. आणि बापाच्या नावापुढे एक शब्द होता, जो तेथील एका सज्जन कर्मचाऱ्याने मला वाचून दाखवला : ‘आउझेंत’. म्हणजे गैरहजर.

शंभर वर्षांच्या आसपास वय असलेल्या त्या कागदावर आमच्या आजोबांचे सारे चरित्र एका शब्दात आटोपले होते.

मी मोठ्या उत्साहाने नक्कल घेऊन परतलो. आत्याच्या नातवाचा चेहरा मात्र उतरला. “काका, हा कागद आपल्या बाजूने की विरुद्ध? समोरचा वकील म्हणेल, बाप तेव्हाच घर सोडून गेलेला होता.” त्याची शंका अगदीच वावगी नव्हती. कागद खरा होता. पण तो एकटा होता, आणि एकट्या कागदाला कोणीही आपल्या बाजूला ओढून नेऊ शकतो.

संध्याकाळी सोप्यावर बसून मी आत्याला ती जुनी गोष्ट सांगितली. घाट, आगगाडी, पुरुषार्थ, सर्व काही. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि बांध?” बांधाचे नाव आमच्या हुबळीच्या आवृत्तीत कधी आलेच नव्हते.

तिने आपल्या पेडणेकरी बोलीत जे सांगितले त्याचा सारांश असा. आजोबा खाडीकाठचे खाजन कसत. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापासून मातीच्या बांधाने राखलेले भातशेत. बांधात लाकडी दारांचे मानस बसवलेले असते, भरतीला ते मिटते आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडते. एका पावसाळ्यात बांध फुटला, मानस वाहून गेले आणि खारे पाणी शेतात शिरले. एकदा मीठ बसले की जमीन वर्षानुवर्षे रुसते. बांध वेळेवर कोणी बांधला नाही. तीन हंगाम भात झाले नाही. भाटकाराचा खंड मात्र चुकला नाही. पहिल्या वर्षी गाय गेली, दुसऱ्या वर्षी आजीच्या अंगावरचे सोने, तिसऱ्या वर्षी विकायला काही उरले नाही. शिगमा झाला आणि थोरला मुलगा पोटात असताना आजोबा रात्री निघून गेले. नोकरीचा विचारही त्यांच्या मनात नव्हता; देणेकऱ्यांपुढे तोंड दाखवणे त्यांना अशक्य झाले होते. हुबळीला गावचा एक माणूस होता म्हणून हुबळी. चौदा महिने पत्र नाही. आजी लोकांकडे भात कांडून राहिली. पुढे मनिऑर्डरी येऊ लागल्या, तेव्हा थकलेला खंड तिने एकटीने नऊ वर्षांत फेडला. थोरल्या मुलांना शिक्षणासाठी आजोबांनी हुबळीला नेले. तिलाही पुष्कळदा बोलावले. ती गेली नाही. घर सोडले तर पुन्हा परतायला जागा उरणार नाही, हे तिचे उत्तर.

“पण मग हे कोणी कधी लिहून कसे ठेवले नाही?” मी विचारले. आत्या म्हणाली, “भुकेक दाखलो मेळना, पुता.” भुकेचा दाखला कोणत्याच कचेरीत मिळत नाही.

वाचकहो, या एका संध्याकाळी माझ्या ध्यानात आले ते असे. आत्याला साल ठाऊक नव्हते. ‘मोठा पोटात होता तेव्हा’ एवढेच तिचे पंचांग. साल दप्तराने दिले : काका ऑक्टोबर १९२६ चे, म्हणजे आजोबा त्या वर्षीच्या शिगम्यानंतर गेलेले. दप्तराला कारण ठाऊक नव्हते. ते आत्याने दिले. स्मृती चुकते, रंग चढविते, आपल्या माणसाला झाकते. आमच्याच घराण्याने बांध गाळून पुरुषार्थ ठेवला होता की नाही? म्हणून तिला कागदाची कसोटी हवी. आणि कागद जे विचारलेच गेले नाही त्याविषयी मुका असतो. म्हणून त्याला माणसाच्या तोंडची साक्ष हवी.

ही केवळ एका घरची गोष्ट असती तर या पानावर ती मांडण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु माणसे गाव का सोडतात, कोठे जातात, मागे राहिलेल्यांचे काय होते, यांवर सरकारे धोरणे ठरवितात आणि ती बहुधा आकड्यांवर ठरवितात. आपल्या जनगणनेत जन्मस्थानाचा प्रश्न फार जुना. १९७१ साली त्यात मागील वास्तव्याच्या ठिकाणाची भर पडली, आणि स्थलांतराचे कारण विचारावयास आरंभ झाला तो १९८१ साली. त्या वेळी कारणांचे रकाने पाच होते : नोकरी, शिक्षण, कुटुंबाबरोबर, विवाह आणि इतर. आजोबा त्या वेळी असते तर गणकाने निःसंशय ‘नोकरी’वर खूण केली असती, आणि स्वतः आजोबांनीही त्याला होकार दिला असता. त्यावरून एखाद्या अधिकाऱ्याने निष्कर्ष काढला असता की पेडण्याच्या तरुणांना कारखान्याच्या कामाची ओढ आहे, तेव्हा त्यांना कारागिरीचे शिक्षण द्यावे. खाडीचा बांध वेळेवर बांधावा, पीक बुडालेल्या वर्षी खंड माफ करावा, हे त्या आकड्यांतून त्याला कधीच उमगले नसते. शिवाय आजी? ती गाव सोडून गेली नाही, म्हणून स्थलांतराच्या कोणत्याच तक्त्यात ती येत नाही. आणि स्थलांतराचा सगळा भार तर तिनेच वाहिला.

आकडे टाकाऊ आहेत असे कोणी समजू नये. किती माणसे गेली हे आकड्यांवाचून कळणार नाही, आणि किती हे न कळता धान्यही पुरविता येणार नाही, शाळाही काढता येणार नाही. परंतु ‘किती’ याच्या पाठोपाठ ‘का’ आणि ‘कसे’ हे प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरे जुने दप्तर चाळून नि माणसापाशी निवांत बसूनच मिळतात.

असे बसून ऐकणारी माणसे आपल्याकडे झालेली आहेत. कोयनेचे धरण झाले, गावे पाण्याखाली गेली, माणसे पांगली. त्यांचे पुढे काय झाले हे इरावतीबाई कर्वे आणि जाई निंबकर यांनी विस्थापितांची पाहणी करून नोंदवले. तो अहवाल पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६९ साली प्रसिद्ध केला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. एका अहवालामुळे कायदा झाला असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि विस्थापित म्हणजे केवळ मोबदल्याच्या यादीतले नाव नव्हे, त्याला शेजार असतो, देव असतो, सोयरिकीचे गोत असते, ही जाणीव अशा लिखाणातूनच वाढीस लागते. मुंबईच्या गिरणगावाविषयी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून ऐकून जो ग्रंथ २००४ साली सिद्ध केला, तोही याच जातीचा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाचे आकडे वर्तमानपत्रांत होतेच. त्या संपाने कोकणातल्या घरांत काय केले हे कळण्यास मात्र माणसे बोलती व्हावी लागली.

ऐकले, पण मानले नाही, याचे उदाहरण आमच्या गोव्याचेच आहे. १९५५-५६ साली सालाझारच्या सरकारने ओर्लांदो रिबैरो या नामांकित भूगोलवेत्त्याला गोव्याच्या अभ्यासास धाडले. त्याने काही महिने गावे हिंडून पाहिली, लोकांशी बोलून पाहिले आणि सरकारला गोपनीय अहवाल दिला. आपण पाहिलेल्या पोर्तुगीज मुलखांत गोवा सर्वांत कमी पोर्तुगीज आहे, असा त्याचा आशय होता. लिस्बनमध्ये मात्र गोवा हा पोर्तुगालचाच तुकडा असल्याचा घोष चालू राहिला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. रिबैरोचा अहवाल छापून लोकांपुढे आला तो १९९९ साली! खऱ्याला खरे म्हणणारा कागद कपाटात ठेवला की तो चार दशकांनी इतिहासकारांच्या कामी येतो. ज्यांच्यासाठी लिहिला त्यांचा उपयोग टळून गेलेला असतो.

आणि दोष केवळ परक्यांच्या पदरी घालून मोकळे होता येत नाही. ऑगस्ट १९५५ मध्ये कॅसलरॉकवरून मुरगावकडे जाणारी गाडी थांबली, सीमेवरची ये-जा आटली, भारतातून गोव्यात पैसे पाठविण्यावर निर्बंध आले. परसत्तेची कोंडी करण्याचा तो उपाय होता आणि त्यामागील हेतूविषयी माझी तक्रार नाही. परंतु पेडण्याच्या किती चुली मुंबई-हुबळीच्या मनिऑर्डरीवर पेटतात, हे आधी कोणी येऊन विचारले नव्हते. आत्या तेव्हा विशीची. ‘पैसे न आलेले साल’ असाच तिने त्या वर्षाचा उल्लेख केला. मुक्तीसाठी सोसले म्हणून त्याचा अभिमानही तिला आहे. पण सोसले हे कोणी लिहून ठेवले नाही याची खंतही आहे.

आजचे मांद्रे उलट्या दिशेचे आहे. १९६१ साली गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आत होती. २०११ साली ती साडेचौदा लाखांच्या पुढे गेली. शिवोलीहून शापोऱ्यावर पूल झाला, मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झाला, किनाऱ्यावर पाहुणे आले आणि पाहुण्यांची घरे बांधायला, भांडी घासायला मजूरही आले. गोव्यातून परदेशी जाणाऱ्यांची एक चांगली पाहणी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेने राज्य सरकारसाठी २००८ साली केलेली आहे. गोव्यात येणाऱ्यांविषयी मात्र चर्चा होते ती बहुतेक रागाची. ‘मूळ गोमंतकीय कोण’ हे कायद्याने ठरवावे अशी मागणी जोरात आहे. तीमागची भीती मला समजते. ज्यांच्या डोळ्यांदेखत जमीन हातची जाते त्यांना उपदेश करण्याचा अधिकार हुबळीत बसलेल्या माणसाला नाही.

तरीही एक गोष्ट सांगतो. आत्याच्या घरामागच्या खोलीत विजापूरकडचे एक जोडपे भाड्याने राहते. आजूबाजूचे त्यांना ‘घाटी’ म्हणतात. नवरा गवंड्याच्या हाताखाली, बायको दोन घरची धुणी करते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते, ती नातवाने दिली आहे : नाव, गाव, ओळखपत्राचा क्रमांक. गाव का सोडले हा रकाना त्या कागदावर नाही. मला कानडी येते म्हणून मी तिला विचारले. बोअरचे पाणी आटले, दोन वर्षे तूर गेली, कर्ज झाले. नवरा आधी निघाला, ती सासूपाशी राहिली. सासू वारल्यावर धाकट्याला घेऊन ती आली. मी हे आत्याला मराठीत सांगत गेलो. ऐकता ऐकता आत्या उठून आत गेली आणि वाटीत गूळखोबरे घेऊन आली. “ही आमच्या आईचीच कथा,” एवढेच ती म्हणाली. तिच्या आईच्या वेळी खारे पाणी आले होते, हिच्या वेळी गोडे पाणी गेले. हुबळीत शंभर वर्षांपूर्वी आमच्या आजोबांनाही कोणी तरी परका म्हणून काही नाव ठेवलेच असेल; ते नाव मात्र आमच्या घराण्याच्या गोष्टीत उतरलेले नाही.

मग करावे काय? सरकारने करावयाचे ते सरकार करील तेव्हा करील. पंचायतींच्या, शाळांच्या, देवस्थानांच्या जुन्या वह्या वाळवीच्या तोंडून सोडवणे. मोडी आणि पोर्तुगीज वाचणारी तरुण माणसे तयार करणे. कायदा लिहिण्यापूर्वी जाणाऱ्या, येणाऱ्या आणि मागे राहणाऱ्या अशा तिघांचेही ऐकून घेणे. आणि अहवाल मागविला तर तो कपाटात न ठेवणे, एवढे तरी व्हावे. २०११ नंतर लांबलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ-दिवस ठरविण्यात आला. तिच्या आकड्यांशेजारी काही गावांच्या तपशीलवार कहाण्याही असाव्यात. १९६१ च्या जनगणनेने देशातील निवडक गावांचे असे वृत्तांत प्रसिद्ध केले होते. तेव्हा हे अशक्य कोटीतले नव्हे.

आपल्या हातचे मात्र आपण आजच करू शकतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्या प्रत्येक कुटुंबात कोणी तरी एकदा घर सोडून आलेले असते. त्याच्या पराक्रमाची गोष्ट आपल्याला पाठ असते. त्याच्या अडचणीची नसते. घरात ऐंशीच्या पुढचे माणूस असेल तर या रविवारी त्याच्यापाशी बसा. ‘कधी आलात’ हे विचाराच, पण ‘का निघालात’ आणि ‘मागे कोण राहिले’ हेही विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. मनिऑर्डरीच्या पावत्या, पत्रे, खंडाच्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नका. तारखा जुळत नसतील तर खोडू नका. दोन्ही लिहून ठेवा.

आत्याचे बोलणे मी चार बैठकांत उतरवून घेतले, तिला वाचून दाखवले आणि तिने त्यावर आपला अंगठा न उठवता थरथरत्या हाताने सही केली. ती चौथी इयत्ता शिकलेली आहे आणि त्याचा तिला अभिमान आहे. जन्मनोंदीची नक्कल आणि हे टिपण असे दोन्ही कागद नातवाने अर्जाला जोडले. बाप गैरहजर होता हे पहिला कागद सांगतो. आई कधीच गैरहजर नव्हती हे दुसरा सांगतो. अर्ज अजून मामलेदारांपुढे आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही.

माझ्या नातवंडांना मात्र आता मी गोष्ट नव्याने सांगतो. तिचा आरंभ आंबोलीच्या घाटात होत नाही. तो मांद्र्याच्या खाडीवर, एका फुटलेल्या बांधापाशी होतो. आणि गोष्टीत आजी आहे.